माफी आधी, चूक नंतर

सुरुवातीलाच हात जोडतो. माझं शुद्धलेखन कच्चं आहे. ऱ्हस्व-दीर्घाशी माझी ओळख व्हायच्या आत नववीत शाळा सुटली आणि त्यानंतर हातात पेन आलं ते हजेरीच्या वहीत सही करण्यापुरतं. शब्दही साधेच आहेत. आयुष्यात एकदाच भारी बोलायला गेलो होतो, त्याचं काय झालं तेच सांगायला बसलोय. तेव्हा माफी आधी मागून ठेवतो, चुका मागाहून येतीलच.

आणि चूक तरी कसली! चहा घेतलाय ना हातात? मग असं करा, घोट गिळून मगच पुढचं वाचा.

मी तेव्हा भिवंडीत लूमवर, म्हणजे कापड विणायच्या यंत्रमागावर होतो. तुम्ही कधी लूमच्या शेडमध्ये गेलाय? एका छपराखाली चोवीस लूम आणि सगळे एकदम चालू! शेजारच्याच्या कानाशी जाऊन बोंब मारली तरी त्याला वाटतं, हा जांभई देतोय. म्हणून आमच्याकडे सगळा कारभार हातांचा. तहान लागली की अंगठा तोंडाशी. धागा तुटला की दोन बोटांची कात्री. मालक आला की ओठावरून बोट फिरवायचं, कारण मालकाला मिशी. माझ्यासारख्या लाजऱ्या माणसाला आणखी काय पाहिजे? बाहेर चारचौघांत माझे शब्द दोनच, ‘हो’ आणि ‘बरं’. पण शेडमध्ये? शेडमध्ये मी वक्ता होतो!

शुक्रवारी लूम बंद. तेव्हा व्हीसीडीचा जमाना होता. जो तो लायब्ररीतून पिक्चर आणायचा आणि शनिवारी शेडमध्ये एकच विषय, काल काय बघितलंस? तोही बोटांनीच. समोरच्याने लांबून हनुवटी उडवायची, आपण बोटं दाखवायची. पाचपैकी किती? अर्धा द्यायचा असेल तर एक बोट वाकवायचं. नुसती मूठ दाखवली तर पिक्चर टाकाऊ.

माझ्या बोटांना शेडमध्ये फार मान होता. कारण मी कंजूष. तीन वर्षांत मी कुठल्याही पिक्चरला साडेतीनच्या वर गेलो नव्हतो. संतोषने, म्हणजे मी, तीन बोटं दाखवली की लोक डोळे मिटून तो पिक्चर घरी न्यायचे. आणि ह्या पद्धतीत सगळ्यात मोठी सोय काय होती? कारण कुणी विचारत नाही. विचारलं तरी ऐकू येत नाही.

तर अशातच माझ्या लग्नाचं निघालं. आमचे मुकादम काशिनाथकाका आमच्या शेलार गावचेच. त्यांच्या मेव्हण्याची मुलगी मनीषा, राहणार पडघा. बारावी झालेली, शिवणक्लास चालवायची. मी तिला एकदा गावात एका हळदीला बघितलं होतं. कुणीतरी काहीतरी सांगत होतं आणि ती भिंतीला टेकून, पोट धरून हसत होती. नुसतं बघूनच मला पण हसू फुटलं, विनोद काय होता ते ऐकूही आलं नव्हतं. त्या दिवसापासून माझ्या मनात दुसरं कुणी आलं नाही, हे तुम्हाला म्हणून सांगतो.

पण त्याआधी दोन ठिकाणांहून मला नकार आलेला. कारण एकच, ‘मुलगा बोलतच नाही.’ दुसऱ्या ठिकाणी तर मुलीच्या आजीने माझ्या आईला बाजूला घेऊन विचारलं, “त्याला ऐकू तरी येतं ना?”

म्हणून काकांनी मला चहाच्या टपरीवर धरलं.

“संत्या, या वक्ताला त्वांड उघडायचं. न्हायतर मी मध्ये पडनार न्हाय.”

“काय बोलू काका?”

“काय बी बोल! मानूस हायस का खांब?” मग जरा विचार करून म्हणाले, “असं कर, पिक्चरवर बोल. माजा मेवना पिक्चरचा येडा हाय. आधी ट्रक चालवायचा ना, तर त्यो ट्रकवाल्या भावांचा नवा पिक्चर आलाय, त्यो त्यानं दोनदा बघितलाय. तू बी बघ आन् त्याच्यावर बोल. गडी खूश!”

मी त्याच शुक्रवारी नितीनच्या सीडी लायब्ररीत गेलो. पिक्चरचं नाव मात्र तुम्हाला सांगणार नाही. सांगितलं तर तुम्ही आणून बघाल, नीट बघाल, आणि मला आणखी हसाल.

डबा हातात देताना नितीन म्हणाला, “हा जरा वेगळा पिक्चर आहे बरं का. सगळ्यांच्या डोक्यात नाय जात.”

हे तो प्रत्येक पिक्चरबद्दल म्हणतो, हे मला पुढे कळलं. तेव्हा मात्र मी ते मनावर घेतलं.

घरी आलो. आई बाजारात गेलेली. डब्यात दोन डिस्क, एक डावीकडे, एक उजवीकडे. नितीनने दोन्हींवर आपल्या दुकानाचा गोल स्टिकर चिकटवलेला, त्यामुळे खालचे आकडे झाकलेले. मी डावीकडची काढली आणि लावली.

काय सांगू तुम्हाला, पहिल्याच मिनिटाला पिक्चरने मला पकडलं! हीरो कुठल्याशा परगावात लंगडत चाललाय. का लंगडतोय? सांगत नाहीत. मागून त्याचा थोरला भाऊ धावत येतो आणि भर रस्त्यात त्याच्या पायावर डोकं ठेवतो. “मला माफ कर!” कसली माफी? तेही सांगत नाहीत! धाकटा त्याला उठवतो, मिठी मारतो, दोघं रडतात. मग दोघं मिळून गुंडांना बडवतात. मग हीरोचं लग्न. मग सगळं कुटुंब फोटोला उभं राहतं, फोटोग्राफर म्हणतो, “हसा!”

आणि लाईट गेली.

भिवंडीचं लोडशेडिंग. दोन तास मी अंधारलेल्या टीव्हीसमोर विचार करत बसलो. सगळं गोड झालं, आता पुढे काय दाखवणार? पहिली डिस्क संपलीच असं धरून लाईट आल्याबरोबर दुसरी घातली, तर सुरुवातीलाच नावं! पिक्चरच्या मधोमध कलाकारांची नावं! मी म्हटलं, वा रे पठ्ठ्या! आधी काम दाखवायचं, मग नाव सांगायचं. केवढा हा नम्रपणा!

नावं संपली आणि हीरो ट्रकमागे पळत आला. दोन्ही पायांनी! पाय ठणठणीत. घरच्यांच्या मायेने बरा झाला, दुसरं काय? माझ्या डोळ्यांत पाणी आलं. पुढे तो बाजारात गेला, तिथे त्याची बायको भेटली, तर तिलाच विचारतो, “आपलं नाव काय?” मी रिमोट दाबून पिक्चर थांबवला आणि वहीत लिहून घेतलं, ‘लग्न झालं तरी बायकोला रोज नव्याने ओळखावं.’

नंतर थोरला भाऊ हळूहळू वाईट वागायला लागला. ट्रक उलटला, हीरोचा पाय गेला, थोरल्याने त्याला घराबाहेर काढलं. दार बंद झालं आणि पडद्यावर पाटी आली, ‘मध्यांतर’. डिस्क संपली.

माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. एवढं दुःख दाखवून शेवटी काय म्हणतो? मध्यांतर! म्हणजे हा शेवट नाहीच!

तुम्ही हसताय. तुमच्या कधीच लक्षात आलं असणार. पण मी एकटा होतो हो घरात! आणि नितीनने बजावून ठेवलेलं, वेगळा आहे म्हणून. जे जे विचित्र वाटलं ते ते मी ‘वेगळं’ या खात्यात टाकत गेलो.

शनिवारी शेडमध्ये समोरच्या लूमवरून जब्बारचाचांनी हनुवटी उडवली. मी पाच बोटं वर केली. चाचांच्या हातातला धागा सुटला. मी जरा विचार केला आणि दुसऱ्या हाताचं एक बोट वर केलं. पाचपैकी सहा! दहा मिनिटांत ही बातमी चोवीस लूम फिरून आली. एकही शब्द न बोलता.

पुढच्या शुक्रवारी चाचांच्या खोलीवर सात जणांनी मिळून तो पिक्चर बघितला. शनिवारी मी आशेने हनुवटी उडवली. चाचांनी दोन बोटं दाखवली आणि त्यातलं एक वाकवलं. दीड! चहाच्या सुट्टीत तर ते माझ्या अंगावरच आले.

“क्या देखा तूने उसमें? भाई ने भाई को निकाला, बाद में माफी माँगी, खतम. ऐसी पचास पिक्चर देखी मैंने.”

“चाचा, माफी पहले माँगी ना. वही तो खूबी है.”

“पहले?”

“हाँ. माफी पहले, गलती बाद में.”

चाचांनी ग्लास खाली ठेवला. “अरे, गलती करने से पहले कौन माफी माँगता है?”

“वही तो, चाचा!”

चाचांनी टोपी सारखी केली, दाढी खाजवली आणि हळूच म्हणाले, “होगा. मैं बीच में चाय बनाने उठा था.”

आता मला सांगा, माझी चूक मला कळणार कशी? समोरचा माणूसच बिचारा स्वतःवर संशय घेतोय! मला तर त्यांची कीव आली. नितीन म्हणाला ते खरंच, सगळ्यांच्या डोक्यात जात नाही.

आणि तिसऱ्या शुक्रवारी आम्ही पडघ्याला. मी, आई आणि काशिनाथकाका. हायवेलगत मनीषाच्या वडिलांचं टायरचं दुकान, मागे घर. सगळे त्यांना दादा म्हणतात. उंच, धिप्पाड, आवाज ट्रकच्या हॉर्नसारखा. आई आत बायकांत गेली. मी खुर्चीच्या टोकावर बसलो, म्हणजे जवळजवळ बसलोच नाही.

“काम बरं चाललंय?” दादांनी विचारलं.

“हो.”

“प्रवासात तरास न्हाय ना झाला?”

“बरं.”

काकांनी टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला. “दादा, ह्यो आपला पोरगा पिक्चर लय बघतो बरं का. तुमचा त्यो ट्रकवाला बी बघितलाय त्यानं.”

दादा एकदम पुढे सरकले. “काय सांगता! कसा वाटला?”

माझे हात आपोआप वर गेले. पाच आणि एक.

“ह्ये काय?”

काकांनी त्यांना आमच्या शेडची बोटांची पद्धत समजावली. पाच म्हणजे काय, मूठ म्हणजे काय, सगळं. दादा खूश झाले. “पाचात सहा! वा! पन का? सहा का दिलेस?”

का? तीन वर्षांत पहिल्यांदा मला कुणीतरी ‘का’ विचारलं होतं. आणि इथे लूमही चालू नव्हते.

मी तोंड उघडलं. आणि खरं सांगतो, मला मीच ओळखू आलो नाही. नळाला पाणी यावं तसा बोलायला लागलो! नावं मधोमध टाकण्यातला नम्रपणा सांगितला. म्हटलं, “दादा, ह्या पिक्चरमध्ये माफी आधी येते, चूक नंतर. का? कारण आपल्या माणसाला माफी आधीच देऊन ठेवलेली असते.”

दादांनी काकांकडे बघितलं. काकांनी पिक्चर बघितलेलाच नव्हता, त्यांनी जोरात मान हलवली.

“आणि शेवटची पाटी, दादा! दार बंद होतं आणि काय येतं? ‘मध्यांतर’! दुःख म्हणजे शेवट नव्हे, दुःख म्हणजे मध्यांतर!”

“शेवटाला... मध्यांतर?” दादा थांबले. मग एवढ्या जाणकारापुढे आपलं अज्ञान दिसायला नको म्हणून घाईघाईने म्हणाले, “हां हां. तसंच हाय ते.” आणि धोतराच्या सोग्याने डोळे पुसले. “दोनदा बघितला मी. दोनदा! पन ह्ये ध्यानातच नाय आलं. काशिनाथ, पोरगा इचार करतो रं!”

मी जिंकलो होतो. आईच्या कानावर आतपर्यंत गेलं असेल, आपला मुलगा बोलतोय! असं मनात म्हणतोय तोच आतल्या दाराच्या पडद्याकडे लक्ष गेलं. चहाचा ट्रे हातात धरून मनीषा उभी होती. कधीची उभी होती कोण जाणे. चहावर साय धरली होती.

“एक विचारू का?” ती म्हणाली.

मी तेव्हा कुठल्याही प्रश्नाला उत्तर देऊ शकत होतो. “विचारा ना.”

“सुरुवातीला तो लंगडतो. मग त्याचा पाय?”

“बरा झाला. घरच्यांच्या मायेने.”

“आणि बायकोला नाव विचारतो ते?”

“रोज नव्याने ओळखतो,” मी म्हटलं आणि जरा लाजून पुढे जोडलं, “मी वहीत लिहून ठेवलंय.”

तिने खालचा ओठ दाताखाली धरला. “तुम्ही पिक्चर कुणाबरोबर बघितलात?”

“एकटाच.”

तिने ट्रे हळूच टेबलावर ठेवला. आणि हळू आवाजात म्हणाली, “तुम्ही दुसरी डिस्क आधी लावलीत.”

लाईट गेल्यावर चोवीस लूम एका क्षणात थांबतात ना, तशी शांतता पसरली. त्या शांततेत माझ्या डोक्यात अख्खा पिक्चर उलटा फिरला. नावं सुरुवातीला गेली. मग पाय मोडला. फोटोग्राफर म्हणाला, हसा!

आणि ती हसली. भिंतीला टेकून, पोट धरून. त्या हळदीतलंच हसू! फक्त ह्या वेळी विनोद कुठला ते मला माहीत होतं. विनोद मी होतो.

मग दादा. त्यांच्या हसण्याने भिंतीवरचं कॅलेंडर हललं. पण मध्येच थांबून ते माझ्यावर डाफरले, “अरे, आन् मी रडलो की रं त्याच्यावर!” काकांनी बशीत तोंड खुपसलं. आणि आतून आईचा आवाज आला, “तरीच! मी बाजारातनं आले तर ह्यो मेला एकटाच बसून डोळं पुसत व्हता!”

मला वाटलं, संपलं. तिसरा नकार. माझे सगळे शब्द होते तिथे परत गेले. मी मूठ वळली आणि स्वतःच्या छातीवर ठेवली.

“काकोबा, हे काय म्हणतायत?” मनीषाने डोळे पुसत विचारलं.

“मूठ म्हंजी टाकाऊ पिक्चर,” काका म्हणाले. “सोताला शून्य दिलंय त्यानं.”

ती हसायची थांबली. माझ्याकडे एकदा बघितलं आणि आत गेली.

आम्ही निघालो. मी खाली मान घालून चपला घातल्या. आई आणि मी रस्त्यापर्यंत आलो तरी काकांचा पत्ता नाही. मग आले, तेही हसत हसत, एक चप्पल हातातच.

“संत्या, पोरीनं निरोप दिलाय. म्हनती, अर्धाच पिक्चर बघून बोटं दाखवायची नसतात. पहिली डिस्क झाली. आता दुसरी बघूनच काय ते सांगीन. पुढच्या शुक्रवारी त्याला परत लावून द्या.” मग त्यांनी माझ्या पाठीत एक धपाटा घातला. “येड्या, तुला घरात ‘डिस्क बदल’ म्हनून वरडनारं मानूसच पायजे. एकट्यानं पिक्चर बघायचं तुजं काम न्हाय.”

त्या रात्री मला झोप कसली येते? एकच ठरवलं. दुसरी डिस्क चांगली निघाली पाहिजे. यापुढे आपल्या हातून वेंधळेपणा नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेडवर जाण्याआधी मी नितीनच्या लायब्ररीत गेलो. खिशात कापडाच्या ताग्यावर नंबर घालायचा काळा मार्कर होता. रॉकेलनेही जात नाही असा. म्हटलं, माझ्यासारखी फजिती दुसऱ्या कुणाची होऊ नये. नितीन पायरी झाडत होता. फुकटात काम होतंय म्हटल्यावर त्याने खुशाल जा म्हणून झाडूनेच खूण केली. मी तो ट्रकवाला डबा काढला. आता नीट विचार केला. मी त्या दिवशी डावीकडची डिस्क आधी लावली, ती दुसरी निघाली. म्हणजे पहिली असते उजवीकडे! उजवीकडच्या स्टिकरवर ठसठशीत १ घातला, डावीकडच्यावर २. अक्षर इतकं सुरेख आलं की त्या भरात फळीवरच्या आणखी अकरा पिक्चरांवर घातले. उजवीकडे १, डावीकडे २.

नितीन झाडू ठेवून आत आला. “बघू तरी,” म्हणाला आणि त्याने ट्रकवाल्या पिक्चरची १ नंबरची डिस्क दुकानातल्या टीव्हीवर लावली.

हीरो लंगडत आला.

नितीनने माझ्याकडे बघितलं. मग शांतपणे म्हणाला, “ते तुझे जब्बारचाचा डिस्क बरोबर जागी, पहिली डावीकडे, ठेवून गेले होते रे. बाकीच्या अकरा डब्यांतल्या तर जागच्या हललेल्याच नव्हत्या.”

मनीषा माझ्या दुसऱ्या डिस्कची शुक्रवारपर्यंत वाट बघणार होती. ती डिस्क शनिवारी सकाळी आठ वाजताच लागली, आणि पहिलीसारखीच वेंधळी निघाली.